सव्वा हात

सावद्याच्या वखारीत, केळीच्या खोक्यांमागे,
ती उभी होती.
उभी म्हणजे बसलेली,
मागचा डावा कोपरा जमिनीला टेकवून,
उंटाने ओझं नाकारावं तशी.

'रात्रभरात हवा जाते तिची,' त्र्यंबक भारंबे म्हणाले,
'चावी फिरवली की उठते.'
उठली.
सावकाश, पदर सावरत,
आणि मी, छत्तीस वर्षं भुसावळच्या लोको शेडमध्ये
दुसऱ्यांची इंजिनं रुळावर घातलेला फिटर,
चपला बाहेर काढून आत बसलो.

काढायच्या नसतात, हे दार लावल्यावर कळलं.

काळी मर्सिडीज. मालक तिसरा.
काटा म्हणत होता एक लाख बेचाळीस हजार,
ब्रेकच्या पेडलाचं झिजलेलं रबर म्हणत होतं, दोनच्या वर.
मी रबरावर विश्वास ठेवला.
पावणेचार लाख सांगताना भारंबे
माझ्याकडे नाही, तराजूकडे बघत होते.

फैजपूर सोडलं. मे महिना.
एसी पाच मिनिटं चालला, मग तव्यावरची वाफ आली.
काच खाली केली ती वर येईना.
नुकतंच पाणी दिलेल्या बागांची ओली हवा
थेट मांडीवर येऊन बसली.
तापीच्या पुलावर मी कान दिला.
जन्मभर आवाजावरून दुखणं सांगत आलो,
ह्या आवाजात दुखणं सापडेना.
तिथेच घाबरलो.

जळगावला इर्शाद मिस्त्री खाली सरपटत गेला,
वर आला, आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हात पुसत राहिला.
'काका, हवेचा एक पाय अठ्ठावन्न हजार.'
मग थोड्या वेळाने,
'पाय चार आहेत.'
बिघाड वाचायचं यंत्र नाशिकला,
यंत्रवाल्याचं पेट्रोल वेगळं, जेवण वेगळं.
पासबुकाच्या मागच्या पानावर मी मांडत गेलो.
एका हेडलाइटमध्ये आमचं घर दोनदा रंगवून होतं.

साडू फेगडे म्हणाला, एवढ्यात चांगली मारुती येते,
बावीसचं ॲव्हरेज, पार्ट कोपऱ्यावर.
खरं होतं.
मी चहा बशीत ओतला आणि फुंकत राहिलो.

त्याला काय सांगू,
साहेबांच्या सलूनच्या डब्याचं ग्रीस
सत्तावीस इन्स्पेक्शनांना मी भरलं.
आत काय होतं?
पायपुसणं. हिरवं. तेवढंच दिसायचं.

द्वारका गच्चीवरचे बिबडे उलथून खाली आली,
हाताला ज्वारीचा चीक तसाच.
पाय, हेडलाइट, नाशिक, सगळं ऐकून घेतलं.
'ते राहू द्या. तिले उभी करसान कुठी?'

हा प्रश्न इर्शादलाही सुचला नव्हता.

तिच्याच शिवणाच्या टेपने अंगण मोजलं.
एक टोक तिने धरलं, एक मी.
फाटकापासून पाण्याच्या ड्रमपर्यंत चौदा फूट.
गाडी सोळाला जराशी कमी.
सव्वा हात नडला.
नळ आठ दिवसांनी येतो, ड्रम काठोकाठ,
तो हलवायचा म्हणजे पाणी सांडायचं,
आणि मे महिन्यात पाणी सांडणाऱ्याला
आमच्या गल्लीत कुणी माफ करत नाही.
संपलं, म्हटलं. बरं झालं.
टेप गुंडाळला. भारंबेंना सकाळी फोन करायचा ठरवून
खाट अंगणात टाकली, झोप मात्र मध्यरात्रीनंतर लागली.

झोपेत बादलीचा आवाज येत होता.
शेडमधला समजून मी कूस बदलली.

सकाळी ड्रम मोरीजवळ होता, भरलेला.
आधी जिथे होता तिथे फरशीवर
एक ओला गोल, कडेने सुकत चाललेला.
मी वाकून टेप लावला. एकदा. पुन्हा एकदा.
अजून चार बोटं कमी पडत होती.
मी नजर वळवली, कुठे ते मलाही कळलं नाही,
तिला मात्र चुलीपासून कळलं.

'तुळशीले हात लावायचा नही.'